गोल विलायतेत, मालक पुण्यात!

बोला पुणेकर, वॉर्म-अप म्हणून एक प्रश्न. इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकलेले क्लब अगदी मोजके. त्यातल्या एकाचे मालक चक्क पुण्याचे आहेत. माहीत आहे का, कोणता क्लब?

मँचेस्टर? नाही. चेल्सी? छे, ते कुठे परवडतंय! हिंट देतो : चिकन.

बरोब्बर! ब्लॅकबर्न रोव्हर्स. आणि मालक आपले वेंकीज. अंडीवाले, चिकनवाले, नगेट्सवाले. नोव्हेंबर २०१० मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख पौंड मोजून त्यांनी हा क्लब घेतला आणि पुण्याच्या पत्त्यावर प्रीमियर लीगचं टपाल येऊ लागलं. तेव्हा आज आपणही नगेट्सच खाणार आहोत. फक्त माहितीचे. गरमागरम आहेत, पटापट उचला.

धोतर ते ड्रिबल

पहिलाच नगेट जरा इतिहासाच्या मसाल्यातला. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं कापडगिरण्यांचं गाव. तिथे माग धडधडायचे ते मुख्यतः कुणासाठी? आपल्यासाठी! भारतात विकायच्या धोतरांचं कापड विणणं ही या गावाची खासियत होती.

आणि पुण्यात १९०५ मध्ये काय पेटलं होतं? विलायती कापडाची होळी! सावरकर, टिळक, स्वदेशी, सगळं शाळेत पाठ केलंय आपण. ज्या लँकेशायरच्या कापडाला पुण्याने काडी लावली, त्याच लँकेशायरचा फुटबॉल क्लब पुण्याने १०५ वर्षांनी विकत घेतला. याला म्हणतात परतफेड, तीही सव्याज!

बाय द वे, १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधीजी लँकेशायरच्या गिरणी कामगारांना भेटायला डार्वेनला गेले होते. डार्वेन म्हणजे ब्लॅकबर्नचं शेजारघर.

क्लबही लेचापेचा नाही हं. स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये ज्या बारा क्लबांनी मिळून जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू केली, त्यातला हा एक. एफए कप सहा वेळा घरी नेलेला. थोडक्यात, पुण्याला शोभेल असा : जुना, मानी आणि पूर्वी आमच्याकडे काय काय होतं हे सांगणारा.

पण हीरो कोण?

आता एंट्री घेतोय आजचा मुख्य पाहुणा. अॅलन शिअरर! जन्म १३ ऑगस्ट १९७०, न्यूकॅसल. वडील पत्र्याचं काम करणारे कामगार. पोराने मात्र पुढे गोलरक्षकांचे पत्रे उडवले.

शिअररने पहिल्यांदा सुरुवातीपासून मैदानात उतरून मॅच खेळली, ती ९ एप्रिल १९८८ ला. साउदॅम्प्टनकडून, समोर आर्सेनल. वय १७ वर्षं २४० दिवस. पहिल्याच फुल मॅचमध्ये पोराने काय करावं? हॅटट्रिक! इंग्लंडच्या टॉप डिव्हिजनमधली सर्वांत कमी वयाची हॅटट्रिक. हा विक्रम आधी होता जिमी ग्रीव्ह्जच्या नावावर, आणि ग्रीव्ह्ज म्हणजे इंग्लिश फुटबॉलमधला गोलांचा सावकार. त्याच्याकडून कर्ज न घेता विक्रमच काढून घेतला.

१९९२ मध्ये ब्लॅकबर्नने त्याला ३६ लाख पौंडांना उचललं. तेव्हाचा इंग्लंडमधला विक्रमी आकडा! पैसे कुणाचे? जॅक वॉकर नावाच्या पोलादाच्या व्यापाऱ्याचे. म्हणजे आधी स्टील, मग चिकन. या क्लबला मालक नेहमी किलोवर माल विकणारेच मिळतात.

माहीत आहे का, शिअररला मँचेस्टर युनायटेडनेही बोलावलं होतं? एकदा नाही, दोनदा. १९९२ ला आणि पुन्हा १९९६ ला. दोन्ही वेळा साहेबांचं उत्तर : नको. युनायटेडच्या सर अॅलेक्स फर्ग्युसनला दोनदा नकार देणारा माणूस म्हणजे डेरिंगबाजच.

प्रीमियर लीग सुरू झाली १५ ऑगस्ट १९९२ ला. त्याच दिवशी शिअररने ब्लॅकबर्नकडून खातं उघडलं, दोन गोलांनी. डिसेंबरात गुडघ्याचा लिगामेंट गेला आणि उरलेला मोसम मैदानाबाहेर. तरी २१ मॅचमध्ये १६ गोल जमा होतेच. अर्ध्या मोसमात एवढे! काही स्ट्रायकर तेवढ्यावर आत्मचरित्र लिहितात.

नंतर जे झालं, ते वाचताना पाणी प्या. पुढच्या तीन मोसमांत ३१, ३४, ३१. लागोपाठ तीन मोसम तिशी पार. यातले ३४ हे अँडी कोलबरोबर संयुक्त विक्रम म्हणून पार २०२२-२३ पर्यंत टिकले. मग आला एर्लिंग हालांड आणि ३६ ठोकून गेला. पण थांबा, शिअररचे ३४ हे ४२ मॅचमध्ये होते, हालांडच्या वेळी मोसम ३८ मॅचचा. म्हणजे तराजूत हालांड भारी. शिअररच्या चाहत्यांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजू.

प्रीमियर लीगमध्ये १०० गोलांचा टप्पा गाठणारा पहिला माणूस कोण? हाच. १२४ मॅचमध्ये, ३० डिसेंबर १९९५ ला. ब्लॅकबर्नसाठी लीगमध्ये एकूण ११२ गोल, १३८ मॅच. सरासरी काढून बघा, वैशालीतली डोशाची ऑर्डर यायलाही याहून जास्त वेळ लागतो.

हरून जिंकलेली ट्रॉफी

१४ मे १९९५. मोसमाचा शेवटचा दिवस. ब्लॅकबर्न लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर. तिकडे मँचेस्टर युनायटेड लंडनमध्ये वेस्ट हॅमशी खेळतंय. ब्लॅकबर्नचा मॅनेजर कोण? केनी डॅल्ग्लिश, म्हणजे लिव्हरपूलचाच लाडका लेक. शिअररने गोल मारला, ब्लॅकबर्न आघाडीवर. मग लिव्हरपूलने बरोबरी केली. मग शेवटच्या क्षणी जेमी रेडनॅपची फ्री किक आत. ब्लॅकबर्न हरलं, २-१.

आणि स्टेडियम नाचायला लागलं! का? कारण तिकडे युनायटेड १-१ वर अडकलं होतं. ब्लॅकबर्न मॅच हरून लीग जिंकलं. १९१४ नंतर पहिल्यांदा, ८१ वर्षांनी. आणि त्यांना हरवणाऱ्या लिव्हरपूलचे चाहतेच टाळ्या वाजवत होते, कारण दुश्मन युनायटेडची जिरली होती. शेजाऱ्याची जिरली की आनंद डबल, हे गणित मुठेकाठी असो वा मर्सीकाठी, सेम!

त्या टीममधल्या जोडीला नाव पडलं 'एसएएस' : शिअरर अँड सटन. एका मोसमात दोघांचे मिळून लीगमध्ये ४९ गोल.

आता माझा सगळ्यात आवडता नगेट. लीग जिंकली, सगळा देश विचारतोय : अॅलन, सेलिब्रेशन कसं करणार? शॅम्पेन? पार्टी? याचं उत्तर : घरच्या लाकडी कुंपणाला क्रिओसोट लावणार. क्रिओसोट म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून फासतात ते काळं तेल. इंग्लंडच्या बेस्ट स्ट्रायकरचा विजयोत्सव म्हणजे कुंपणाला तेल! हा माणूस जन्माने न्यूकॅसलचा असेल, वृत्तीने सदाशिव पेठेचाच.

आणि मॅचआधीचं त्याचं ठरलेलं जेवण? चिकन आणि बीन्स! वर्षानुवर्षं तेच. वेंकीजने ही जाहिरात कशी सोडली, देव जाणे.

२० महिने पाटी कोरी, मग धमाका

माहीत आहे का, १९९६ च्या युरो स्पर्धेआधी शिअररने इंग्लंडकडून २० महिन्यांहून जास्त काळ, तब्बल १२ मॅच, एकही गोल केला नव्हता? पेपरवाले म्हणत होते, काढा याला. कोच टेरी व्हेनेबल्सनी काढलं नाही. स्पर्धा संपली तेव्हा गोल्डन बूट कुणाच्या पायात? शिअररच्या. पाच गोल. देशासाठी एकूण ६३ मॅच, ३० गोल.

लगेच न्यूकॅसलने चेकबुक उघडलं. दीड कोटी पौंड! तेव्हा जगातली सर्वांत महागडी खरेदी. पत्रेकामगाराचा मुलगा गावी परतला आणि त्याच्या स्वागताला हजारो लोक पावसात स्टेडियमबाहेर उभे राहिले.

एक गंमत ऐका. १९८४ मध्ये केव्हिन कीगनचा न्यूकॅसलमधला निरोपाचा सामना झाला, तेव्हा तिथे बॉलबॉय म्हणून कोण धावत होता? लहानगा अॅलन. आणि १९९६ मध्ये त्याला विकत घेणारा मॅनेजर कोण? केव्हिन कीगन! सीमारेषेबाहेरचा बॉल आणून देणारा पोरगा बारा वर्षांत दीड कोटींचा झाला.

ऑगस्ट १९९९ मध्ये मॅनेजर रूड गुलिटने सुंदरलंडविरुद्धच्या डर्बीत शिअररला बाकावर बसवलं. न्यूकॅसल हरलं. तीन दिवसांत गुलिटची खुर्ची रिकामी. नवे मॅनेजर आले बॉबी रॉबसन, त्यांची घरच्या मैदानावरची पहिली मॅच शेफिल्ड वेन्सडेशी. निकाल ८-०. त्यातले शिअररचे किती? पाच. बाकावरून उठून असं उत्तर देता आलं पाहिजे.

न्यूकॅसलसाठी त्याने २०६ गोल केले आणि जॅकी मिलबर्नचा २०० चा जुना विक्रम मागे टाकला. प्रीमियर लीगमध्ये एकूण २६०. हा आकडा आजही कुणाला गाठता आलेला नाही. हॅरी केन २१३ वर होता, मग तो जर्मनीला गेला. त्या दिवशी शिअररने कुंपणाला अजून एक हात मारला असेल!

२६० पैकी ५६ पेनल्टी. हुकलेल्या पेनल्टी ११. त्याचा गोलनंतरचा जल्लोषही आठवतो ना? एक हात वर, बस्स. कोलांट्या नाहीत, डान्स नाही, शर्ट काढणं नाही. रिक्षाला हात दाखवल्यासारखा. फक्त याच्या हाताला रिक्षा थांबायची.

पंधरा सेकंदांचा चोप्रा

आता सावरून बसा, इथे गोष्ट भारताकडे वळतेय.

१७ एप्रिल २००६. सुंदरलंड विरुद्ध न्यूकॅसल. न्यूकॅसल ०-१ ने मागे. बदली खेळाडू म्हणून एक पोरगा मैदानात येतो आणि जेमतेम १५ सेकंदांत गोल! त्याचं नाव? मायकेल चोप्रा. न्यूकॅसलमध्येच जन्मलेला, भारतीय वंशाचा इंग्लिश स्ट्रायकर.

लगेच पाठोपाठ न्यूकॅसलला पेनल्टी मिळते. मारतो शिअरर. गोल! तो त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा अधिकृत गोल ठरला. त्याच मॅचमध्ये गुडघा दुखावला आणि खेळ संपला. ३५ व्या वर्षी. मॅच मात्र न्यूकॅसलने ४-१ ने जिंकली. म्हणजे एका चोप्राने दार उघडलं आणि त्याच दारातून शिअरर बाहेर पडला. यश चोप्रांनाही अशी स्क्रिप्ट सुचली नसती.

पुढे तर धमालच. सुंदरलंडला रडवणाऱ्या चोप्राला २००७ मध्ये कुणी विकत घेतलं? सुंदरलंडनेच! पहिल्याच मॅचमध्ये टॉटनहॅमविरुद्ध तो बदली म्हणून उतरला आणि इंज्युरी टाइममध्ये विजयी गोल मारून मोकळा झाला. पाहुणा उशिरा येणार, पण मिठाई घेऊन येणार.

आणि हाच चोप्रा २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) पहिल्या मोसमात केरळ ब्लास्टर्सकडून खेळला. त्या मोसमाची फायनल आपल्या नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये रंगली आणि ब्लास्टर्स शेवटच्या मिनिटांत हरले.

कोंबडी मैदानात!

वळूया पुण्याच्या मालकांकडे. शिअरर २००६ मध्ये रिटायर, वेंकीज आले २०१० मध्ये. टायमिंग बघा! लग्नाला पोचलो तेव्हा नवरदेव हनिमूनला.

पण रिकामे हात आहेत म्हणून काही कुणी स्वप्नं बघायची थांबत नाही. आल्या आल्या रोनाल्डिन्योला आणण्याची चर्चा झाली. तो आला नाही. २०११ मध्ये टीव्हीवर एक जाहिरात आली : ब्लॅकबर्नचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून मॅचआधी वेंकीजचं चिकन खातायत. यूट्यूबवर शोधा, हसून पोट दुखेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अख्खी टीम पुण्यात आली आणि बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून, जिंकून परत गेली. प्रीमियर लीगची टीम, आणि तीही बालेवाडीत! त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?

मग मे २०१२. ब्लॅकबर्न विरुद्ध विगन. हरले तर प्रीमियर लीगमधून बाहेर. चिडलेल्या चाहत्यांनी निषेध कसा केला, माहीत आहे का? मैदानात जिवंत कोंबडी सोडली! अंगावर ब्लॅकबर्नचा झेंडा पांघरलेली. खेळाडू तिच्यामागे धावतायत आणि ती बाई काही हाताला लागत नाहीये. त्या दिवशी ब्लॅकबर्नच्या बचावफळीपेक्षा चपळ तीच होती. मॅच ०-१ ने गेली, क्लब खाली गेला.

घसरण तिथेच थांबली नाही. २०१७ मध्ये ब्लॅकबर्न तिसऱ्या स्तरावर गेलं. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब इतका खाली जाण्याची ती पहिलीच वेळ. एकाच वर्षात परत दुसऱ्या स्तरावर आलेही, हे श्रेय द्यायला हवं. पैसे मालक ओतत राहिले, हेही खरं. पण फुटबॉलमध्ये पैशाने शिअरर मिळतो तो फक्त योग्य वर्षी.

आणि एक गोड नगेट. कोल्हापूरचा अनिकेत जाधव. घडला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत. २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून फॉरवर्ड म्हणून खेळला. २०१९ मध्ये सरावासाठी कुठे गेला? ब्लॅकबर्नला! रंकाळा ते ब्लॅकबर्नचं ईवूड पार्क स्टेडियम, व्हाया बालेवाडी.

पेन्शनरांचं पुणे, फुटबॉलमध्येही

पुणे म्हणजे पेन्शनरांचं शहर, ही ख्याती जुनी. पण २०१४ ते २०१९ या काळात आयएसएलमधल्या एफसी पुणे सिटी नावाच्या टीमने ही परंपरा थेट फुटबॉलमध्ये नेली. मालकांमध्ये हृतिक रोशन, मैदान बालेवाडीचं, आणि परदेशातून येणारे पाहुणे बहुतेक निवृत्तीच्या उंबरठ्यावर. लग्नातल्या बड्या पाहुण्यासारखे : फोटो सगळ्यांना हवा, पंगतीत वाढायला मात्र घरचेच.

पहिला पाहुणा डेव्हिड ट्रेझेगे. फ्रान्सचा वर्ल्ड कप विजेता. २००० च्या युरो फायनलमध्ये १०३ व्या मिनिटाला इटलीविरुद्ध याचाच 'गोल्डन गोल', म्हणजे जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथेच खल्लास. तो नियमच पुढे रद्द झाला, त्यामुळे गोल्डन गोलवर युरो जिंकून देणारे आजवर दोघेच, जर्मनीचा बियरहॉफ आणि हा. २००६ च्या वर्ल्ड कप फायनलच्या पेनल्टी शूटआउटमध्ये एकच पेनल्टी हुकली, ती कुणाची? याचीच. देवाने दिलं, देवाने नेलं. पुण्यात आला, लीगच्या पहिल्या आठवड्यातच ३७ वा वाढदिवस झाला, दोन गोल केले आणि जानेवारी २०१५ मध्ये निवृत्ती. म्हणजे ट्रेझेगेच्या बायोडेटात शेवटचा क्लब कोणता? एफसी पुणे सिटी! युव्हेंटस ते बालेवाडी. कात्रज ते शिवाजीनगर जायला लागतो त्याहून बरा प्रवास.

त्याच वर्षी इंग्लंडचा विंगर जर्मेन पेनंट आला. हा म्हणजे बातम्यांची खाण. आर्सेनलकडून लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला आणि हॅटट्रिक मारली, मे २००३ मध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध. आदल्या रात्री जागून पार्टी केली होती, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. आणि त्या मॅचपासूनच आर्सेनलची ४९ मॅचची अपराजित मालिका सुरू झाली! पुढे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगवारी, आणि सुटल्यावर २००५ मध्ये पायाला इलेक्ट्रॉनिक टॅग लावून तो प्रीमियर लीगची मॅच खेळला. असा पहिलाच. स्पेनमध्ये असताना आपली पोर्शे रेल्वे स्टेशनबाहेर महिनोन् महिने विसरला, अशी बातमीही गाजली. पुण्यात विसरला असता तर टोइंगवाल्यांनी पहिल्या दिवशीच आठवण करून दिली असती.

२०१५ ला रोमानियाचा अॅड्रियन मुतू. चेल्सीने याला कोकेन प्रकरणी २००४ मध्ये काढून टाकलं आणि नुकसानभरपाई मागितली, सुमारे १ कोटी ७० लाख युरो! मुतू लढत लढत थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८ मध्ये तिथेही हरला. तो खटला आज क्रीडा कायद्याच्या अभ्यासात असतो. लॉ कॉलेज रोडवरच्या मंडळींनो, तुमच्या अभ्यासक्रमातला पक्षकार तुमच्याच गावात खेळून गेलाय! याच मुतूने एकदा राष्ट्रीय संघाच्या कोचचा मिस्टर बीनसारखा फोटो फेसबुकवर टाकला आणि संघाबाहेर गेला. तरी देशासाठी ३५ गोल, महान हाजीइतकेच.

त्याच टीममध्ये तुर्कस्तानचा तुंजाय, ज्याने डिसेंबर २००४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला चॅम्पियन्स लीगमध्ये हॅटट्रिक ठोकली होती. नायजेरियाचा कालू उचे, २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये दोन गोल. कोच कोण? डेव्हिड प्लॅट! १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये बेल्जियमविरुद्ध ११९ व्या मिनिटाला व्हॉली मारून इंग्लंडला वाचवणारा. मिडफिल्डर असून देशासाठी ६२ मॅचमध्ये २७ गोल. एवढं सगळं एका ड्रेसिंग रूममध्ये. सेमीफायनल? नाही मिळाली.

२०१६ चा किस्सा तर नंबर वन. आइसलँडचा आयडर गुडजॉनसन! १९९६ मध्ये एस्टोनियाविरुद्ध हा १७ वर्षांचा पोरगा बदली खेळाडू म्हणून देशासाठी पहिल्यांदा मैदानात उतरला. कुणाच्या जागी? स्वतःच्या वडिलांच्या! बाप बाहेर, लेक आत. पुढे चेल्सीबरोबर दोन लीग, बार्सिलोनाबरोबर चॅम्पियन्स लीग. आणि मग पुणे. करार झाला, पोस्टर लागली, दुखापत झाली. एकही मॅच न खेळता पाहुणा परत. पुण्याच्या आदरातिथ्याचा विक्रम : चहाही न घेता गेला!

मग आला इअन ह्यूम. कॅनडाचा, पण घडला इंग्लंडच्या लीगमध्ये. नोव्हेंबर २००८ मध्ये बार्न्सलीकडून खेळताना प्रतिस्पर्ध्याचं कोपर लागून कवटीला तडा गेला. मेंदूजवळ रक्तस्राव, शस्त्रक्रिया, डोक्यावर लांबलचक व्रण. पुढच्या मोसमात गडी पुन्हा हजर. भारतात आला आणि २०१४ च्या आयएसएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१५ मध्ये कोलकात्याकडून त्याने पुण्याला हॅटट्रिक मारली. मग पुण्याने काय केलं? २०१८ मध्ये त्यालाच घेतलं. पण तेव्हा तो ३५ चा आणि मोठ्या दुखापतीतून उठलेला. टायमिंग, टायमिंग!

खरे गोल कुणी केले, सांगू? ज्यांची पोस्टर कमी लागली त्यांनी. २०१७-१८ मध्ये उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो आणि ब्राझीलचा मार्सेलिन्यो या जोडीने पुण्याला पहिल्यांदा आणि शेवटचं सेमीफायनलला नेलं. अल्फारो आधी कुठे खेळायचा? लिव्हरपूलकडून! दचकू नका, हे लिव्हरपूल उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओचं. खरंच आहे असा क्लब. सेमीफायनलमध्ये सुनील छेत्रीने हॅटट्रिक करून आपला गाशा गुंडाळला, ते जाऊ द्या.

पळता पळता दोन-तीन

इंग्लंडचा अॅडम ल फॉन्ड्र २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीकडून खेळला, ११ गोल, लीगही जिंकली आणि कपही. पण त्या मोसमात मुंबईत एकही मॅच खेळला नाही! कोरोनामुळे सगळे सामने गोव्यात. मुंबईचा हीरो, पत्ता गोवा.

आर्सेनलचा फॉरवर्ड डेनिस कॉम्प्टन तर दुसऱ्या महायुद्धात महूच्या छावणीत होता. १९४४-४५ च्या रणजी फायनलमध्ये होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध ब्रेबॉर्नवर नाबाद २४९! फुटबॉलवाल्याने बॅट घेतली आणि मुंबईला दिवसभर उन्हात पळवलं. जिंकली मात्र मुंबईच.

पुणे एफसीचा (एफसी पुणे सिटी वेगळी!) जेम्स मोगा आठवतो? जुलै २०१२ मध्ये दक्षिण सुदान हा नवा कोरा देश पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, युगांडाशी २-२. त्यातला एक गोल मोगाचा.

एफसी पुणे सिटीचं दुकान २०१९ मध्ये बंद झालं आणि त्या जागी लीगमध्ये आली हैदराबाद एफसी. पहिला कोच कोण? फिल ब्राउन, जो पुण्याच्या शेवटच्या मोसमात मध्येच येऊन कोच झाला होता. हाच तो ज्याने २००८ मध्ये हल सिटीच्या खेळाडूंना हाफ टाइमला ड्रेसिंग रूममध्ये नेण्याऐवजी मैदानातच बसवून झापलं, सगळ्या प्रेक्षकांसमोर. आणि हैदराबादने तिसऱ्याच मोसमात, मार्च २०२२ मध्ये, आयएसएल जिंकली. पुण्याला पाच मोसमांत जे जमलं नाही, ते!

तर मंडळी, आमचा निकाल असा : पुण्याने फुटबॉलमध्ये माणसं चुकीची निवडली नाहीत, वर्षं चुकीची निवडली. बालेवाडीला आज आयएसएलची टीम नाही, पण ब्लॅकबर्न अजून वेंकीजकडेच आहे. इंग्लंडमधली शनिवारी दुपारी ३ ची मॅच आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळी ७.३० ला आणि हिवाळ्यात रात्री ८.३० ला सुरू होते. जेवता जेवता स्कोअर बघत चला. आणि पुढचा शिअरर दिसला, तर वेळेत कळवा.